विश्लेषण : मोबाइलवर लंडनचे संग्रहालय दिसते, मग म्हसवडच्या मुलांना सहल कशाला?

जगभरातील संग्रहालये आणि ऐतिहासिक स्थळे आता घरबसल्या पाहता येतात. दुष्काळी पट्ट्यातील शाळांसाठी ही मोठी संधी आहे. मात्र हीच सोय खरी सहल रद्द करण्याचे कारण ठरू लागली, तर नुकसान नेमके कोणाचे?

दिवाळीची सुट्टी संपली की माणदेशातील शाळांत सहलीची चर्चा सुरू होते. देवदिवाळीला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, यात्रा पांगते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर एसटी आगाराचा अर्ज, पालकांची संमतिपत्रे आणि पैसे भरलेल्यांची यादी जमू लागते. ठिकाणेही बहुधा ठरलेली. प्रतापगड-रायगड, कोल्हापूर-पन्हाळा, नाही तर पुणे आणि परिसर. आणि कोण येणार नाही, हेही बरेचसे ठरलेलेच असते. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, ज्यांचे घर मेंढरांमागे बाहेर पडले आहे, ज्या घरात तीन मुले शिकतात आणि एकाचेच पैसे भरता येतात, ती नावे यादीत खाली राहतात. मुक्कामाची सहल असेल तर त्यात मोठ्या वर्गांतील मुलींची भर पडते.

अशा वेळी कोणी तरी सुचवते, की एवढा खटाटोप कशाला? शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, शिक्षकांच्या हातात मोबाइल आहे. ब्रिटिश म्युझियम दाखवू, ताजमहाल दाखवू, पिरॅमिड दाखवू. एक रुपया लागणार नाही आणि एकही मूल मागे राहणार नाही.

सूचना वाईट हेतूने केलेली नसते आणि तिच्यात तथ्यही आहे. पण तिच्यात एक गफलत आहे. जे मुलांना कधीच दिसणार नव्हते ते पडद्यावर दाखवणे ही एक गोष्ट, आणि जे दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे तेही पडद्यावरच दाखवणे ही दुसरी. पहिलीत मुलांना काही तरी मिळते. दुसरीत त्यांच्या हातचे काढून घेतले जाते.

आभासी सहल म्हणजे नेमके काय?

एकाच नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, त्यामुळे वाद भरकटतो. पहिला प्रकार चित्रांचा. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये १७ संग्रहालयांना घेऊन आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. आजचे गुगल आर्ट्स अँड कल्चर ते हेच. संग्रहालयाच्या दालनातून बोटाने पुढे सरकत जायचे, चित्रावर थांबायचे, ते मोठे करून पाहायचे. काही चित्रे इतक्या बारकाईने टिपली आहेत, की कुंचल्याचा एकेक फटकारा आणि रंगाला गेलेले तडेही दिसतात. हे सुख प्रत्यक्ष संग्रहालयात उभ्या असलेल्या माणसालाही मिळत नाही, कारण तिथे दोरी असते, काच असते आणि पुढे गर्दी असते. भारतातही राष्ट्रीय संग्रहालयापासून मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापर्यंत अनेक संस्था तिथे आहेत.

दुसरा प्रकार चारही बाजूंनी फिरणाऱ्या चित्रफितींचा, म्हणजे व्हीआरचा. डोळ्यांना चष्मा लावायचा, मान वळवली की दृश्य वळते. तिसरा प्रकार थेट संवादाचा. पलीकडे खरा माणूस असतो, तो कॅमेरा घेऊन फिरतो, मुले प्रश्न विचारतात आणि तो उत्तर देतो.

करोनाच्या काळात या सगळ्याला जोर आला. मे २०२० मध्ये युनेस्कोने सांगितले होते, की जगातील सुमारे ९० टक्के संग्रहालये, म्हणजे ८५ हजारांहून अधिक संस्था बंद आहेत. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता, त्याची चर्चा कमी झाली. आफ्रिका आणि लहान बेटांच्या देशांतील अवघी पाच टक्के संग्रहालये ऑनलाइन काही देऊ शकत होती. पडद्यावर दिसणारे ‘जग’ म्हणजे मुख्यतः ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे जग, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवायला हवे. लंडन आणि पॅरिस सहज सापडतात. शेजारच्या तालुक्यातले संग्रहालय शोधायला गेले तर पत्ता आणि चार फोटो हाती लागतात.

परितेवाडीत काय वेगळे होते?

या विषयातले जगभर गाजलेले उदाहरण म्हसवडपासून लांब नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांची ओळख झाली ती पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्यामुळे. कोड मोबाइलने वाचला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले.

पुरस्काराच्या मानपत्रातील दुसऱ्या कामाकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही. हे काम आभासी सहलींचे होते. सुट्टीच्या दिवशी घरातल्या प्रयोगशाळेतून ते जगभरातल्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. ८० हून अधिक देशांतील मुलांनी ते पाहिले, असे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने नोंदवले आहे.

यातली दिशा पाहण्यासारखी आहे. परितेवाडी नुसती पाहणारी नव्हती, दाखवणारी होती. खेड्यातल्या शाळेने पडद्यापुढे बसून दुसऱ्याचे वैभव बघायचे, एवढाच आभासी सहलीचा अर्थ तिथे नव्हता. आणि पलीकडे माणूस होता. मुलाने विचारले, ‘हे पाणी तापवले तर काय होईल,’ तर तो तापवून दाखवू शकत होता. तयार चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या तीन प्रकारांत सर्वांत साधा प्रकार हाच आहे. त्याला चष्मा लागत नाही, अॅप लागत नाही, साधा व्हिडीओ कॉल पुरतो. तरीही शाळांना विकले जाते ते चष्म्यांचे संच. कॉल विकण्यात कोणाचा फायदा नाही, हे त्याचे एक कारण असावे.

वाघनखे : पडदा आणि काचपेटी

आभासी आणि खरे एकमेकांना कसे पूरक ठरू शकतात, याचे उत्तम उदाहरण साताऱ्यातच घडून गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवण्यात आली. पुढे ती नागपूरला गेली. साताऱ्यात ती पाहायला शाळांच्या रांगा लागल्या.

आता हीच वस्तू आधी मोबाइलवर पाहिली असती तर? लंडनच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद आहे. ही वस्तू तिकडे कशी गेली, हे त्यात कळते. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच डफ. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. तिच्यात म्हटले आहे, की शिवाजी महाराजांनी ज्याने मुघल सेनापतीला मारले ते हे वाघनख.

मुघल सेनापतीला? महाराष्ट्रातल्या चौथीच्या कोणत्याही मुलाने इथे हात वर करायला हवा. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले, हे आपली मुले तोंडपाठ सांगतात. लंडनच्या पेटीवर लिहिणाऱ्याला ते नीट ठाऊक नव्हते. आणि पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. हीच ती वाघनखे, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते.

यावर वर्गात एक संपूर्ण तास होऊ शकतो. पेटीवर चुकीचे लिहिले असेल तर बाकीचे कितपत खरे मानायचे? वस्तू खरी की खोटी, हे कशावरून ठरते? ती दुसऱ्या देशात का राहावी? मोठी माणसे या प्रश्नांवर टीव्हीवर भांडतात. मुले मात्र कागदावर पुरावा मांडून शांतपणे बोलू शकतात. हे सगळे मोबाइलवरच्या एका नोंदीतून मिळते, आणि काचपेटीपुढच्या रांगेत ते मिळणे अवघड आहे. रांगेत पाच सेकंद मिळतात, मागून ‘पुढे चला’ असा आवाज येतो.

पण काचपेटीपुढे जे मिळते ते मोबाइलवर नाही. मुलांच्या मनात वाघनखे म्हणजे केवढी तरी मोठी असतात, चित्रांनी ती तशी करून ठेवलेली असतात. प्रत्यक्षात ती मुठीत मावणारी वस्तू आहे. एवढ्याशा लोखंडाने? हा धक्का सहा इंचांच्या पडद्यावर बसत नाही, कारण पडद्यावर हत्ती आणि सुई एकाच मापाचे दिसतात. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील पहुडलेला बुद्ध सात मीटरच्या आसपास लांब आहे. त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत चालत जावे लागते. मोबाइलवर त्याला अंगठ्याने बाजूला सरकवले जाते.

सहलीने खरेच काही शिकता येते?

‘सहलीत मुले नुसती हुंदडतात’ हा आक्षेप जुना आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात सापडते. आर्कान्सा राज्यातील बेंटनविल या छोट्या शहरात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे मोठे कला संग्रहालय उघडले. आजूबाजूला बहुतांश ग्रामीण भाग. शाळांच्या सहलींसाठी इतके अर्ज आले, की कोणाला आधी बोलवायचे यासाठी सोडत काढावी लागली. संशोधकांनी याचा फायदा घेतला. सोडतीत नाव निघालेल्या आणि न निघालेल्या शाळांतील मिळून सुमारे अकरा हजार विद्यार्थ्यांची तुलना झाली.

फेरफटका जेमतेम तासाभराचा होता. तरी काही आठवड्यांनंतर मुलांना चित्रांतले बारकावे आठवत होते. नवे चित्र पाहून त्यावर नेमकेपणाने लिहिण्यात ती पुढे होती, जुन्या काळातील माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे त्यांना अधिक जमत होते. आणि हा फायदा शहरी, सुस्थितीतल्या मुलांपेक्षा ग्रामीण आणि गरीब मुलांत दुप्पट-तिप्पट दिसला. कारण उघड आहे. ज्यांना आईवडील असेही संग्रहालयात नेतात त्यांच्यासाठी ती आणखी एक चक्कर असते. ज्यांच्यासाठी ती पहिलीच असते, त्यांच्यात फरक पडतो.

म्हणजे सहल रद्द झाली तर सर्वांत जास्त तोटा म्हसवड, आटपाडी, जत अशा भागांतल्या मुलांचा होणार. पुण्यातल्या शाळेने सहलीऐवजी चष्मा दिला तरी तिथल्या मुलाला रविवारी केळकर संग्रहालय आहेच.

शिक्षकांची भीतीही समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातील महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण परवानग्या आणि हमीपत्रांचा सगळा भार सहल नेणाऱ्या शिक्षकावर, आणि न नेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, अशी व्यवस्था झाली की सहल आपोआप बारगळते. अशा वेळी मोबाइल ही पळवाट म्हणून फार सोयीची आहे.

म्हसवडच्या वर्गात अडते कुठे?

फोन नाहीत, हे उत्तर आता पुरेसे नाही. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. साधन घरात आले आहे. त्यात काय बघायचे, हे दाखवणारे कोणी नाही.

तांत्रिक अडचणी आहेतच. बऱ्यापैकी स्पष्ट चित्रफीत तासभर पाहिली तर एक जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे घरातल्या एकुलत्या फोनचा दिवसाचा बराचसा कोटा. पुठ्ठ्याचा स्वस्त व्हीआर चष्मा घेतला तरी फोनमध्ये जायरोस्कोप नावाचा सेन्सर लागतो. स्वस्त फोनमध्ये तो अनेकदा नसतो आणि मग मान कितीही वळवली तरी दृश्य जागचे हलत नाही. मुलाला वाटते आपलेच काही तरी चुकले.

त्याहून मोठी भिंत भाषेची आहे. परदेशी संग्रहालयांची माहिती इंग्रजीत, देशातल्या बऱ्याच स्थळांची इंग्रजी-हिंदीत. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलापुढे अशी सहल उघडून दिली, तर तो दालनातून भराभर बोट सरकवतो आणि दोन मिनिटांत बाहेर पडतो. त्याच्यासाठी ते मुके चित्र असते. त्याला बोलते करायचे काम शिक्षकाचे. त्यासाठी शिक्षकाने आदल्या रात्री ते दालन स्वतः फिरून, तीनच वस्तू निवडून, त्यांवर प्रश्न काढून ठेवावे लागतात. फुकटची सहल ती इथे महाग होते. तिची किंमत शिक्षकाच्या वेळात मोजावी लागते, आणि तो वेळ जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून उरला पाहिजे.

आणि कंपन्यांच्या भरवशावर वर्ग उभा करण्याचा धोका वेगळाच. गुगलने २०१५ मध्ये शाळांसाठी एक्स्पिडिशन्स नावाचे अॅप आणले. जगभरातल्या शिक्षकांनी त्यावर पाठ रचले. जून २०२१ मध्ये ते बंद झाले. दूरदूरच्या वर्गांना जोडणारे स्काइपही मे २०२५ मध्ये गेले. पन्हाळा कुठे जात नाही.

तरीही आभासी सहलीला मोडीत काढणे चूक ठरेल. पायाने अधू असलेल्या मुलीला प्रतापगडाच्या पायऱ्या आजही बंद आहेत. तिच्यासाठी गडाचे चहूबाजूंनी फिरणारे चित्र हा पर्याय नसून, सध्या तरी एकमेव वाट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले. त्यांतला जिंजी तमिळनाडूत आहे. म्हसवडची एसटी तिथे जाणार नाही. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्गलाही बहुतेक शाळा जाणार नाहीत. तिथे पडदाच हवा. प्रतापगडासाठी मात्र पडदा पुरेसा नाही.

जवळचे कोणी पाहिले?

म्हसवडच्या मुलांना लंडन दाखवण्याआधी विचारावे असा एक प्रश्न आहे. त्यांतल्या किती जणांनी औंध पाहिले? खटाव तालुक्यातले औंध म्हसवडहून दीड-दोन तासांवर आहे. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९३८ मध्ये या इमारतीत मांडला. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे तिथे आहेत. छापील कॅलेंडरवरची नव्हेत, खऱ्या तैलरंगातली. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही तिथे आहे. ज्या मूरचे काम पाहायला लोक लंडनच्या संग्रहालयांत जातात, त्याचे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर आहे, आणि माणदेशातली मुले ते न पाहता दहावी होतात.

याच औंध संस्थानात आटपाडी होती. तिथे १९३९ मध्ये पंतप्रतिनिधींनी भिंती नसलेला तुरुंग सुरू केला, स्वतंत्रपूर. कैदी शेती करत, कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखे बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. शिखर शिंगणापूर, महिमानगड, वारुगड ही नावे तर माण तालुक्यातच आहेत. जिल्ह्याच्या सीमेवरचा राजेवाडी तलाव ब्रिटिश राजवटीत बांधला गेला. दुष्काळ, पाणी आणि सरकार यांचा संबंध समजावून सांगायला त्याच्या बांधावर उभे राहण्यासारखा दुसरा वर्ग नाही.

या ठिकाणांना मुक्काम लागत नाही. मुक्काम नाही म्हटले की मुलींचे पालक परवानगी देतात, खर्च निम्म्याहून खाली येतो. एसटी शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. उरलेले पैसे दहा-बारा मुलांसाठी ग्रामपंचायत, नगरपालिका, माजी विद्यार्थी यांपैकी कोणीही भरू शकेल. मात्र देणगीदाराला आपले नाव व्हीआर प्रयोगशाळेच्या पाटीवर दिसते, एसटीच्या पाटीवर दिसत नाही. एका चांगल्या व्हीआर चष्म्याला तीसेक हजार रुपयांच्या पुढे पडतात. त्या पैशात किती मुले औंधला जाऊन येतील, हा हिशेब पाचवीच्या वर्गाला गणित म्हणून द्यायला हरकत नाही.

संग्रहालय शाळेकडे येण्याचाही एक मार्ग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते. जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने अशी गाडी दुष्काळी तालुक्यांसाठी मागून घेणे, हे टॅबलेट खरेदीच्या निविदेपेक्षा सोपे काम आहे.

म्हसवडने जगाला काय दाखवावे?

परितेवाडीने दाखवलेली दिशा म्हसवडला अधिक शोभेल, कारण इथे दाखवण्यासारखे खूप आहे. १९९७ मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. बायकांनी साक्षरता वर्ग सुरू केले, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब सांगा, तुमच्याआधी तोंडी करून दाखवतो. चेतना गाला सिन्हा यांनी ही हकिकत जगभरच्या व्यासपीठांवर सांगितली आहे. म्हसवडच्या किती शाळकरी मुलांनी ती बँकेत जाऊन, त्या बायकांच्या तोंडून ऐकली असेल?

समजा, आठवीच्या वर्गाने ती ऐकली, मोबाइलवर टिपली आणि मग एका रविवारी अमेरिकेतल्या मराठी शाळेला थेट दाखवली. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने तिकडे गावोगावी सुट्टीच्या दिवशीच्या मराठी शाळा चालतात. म्हसवडला हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. दोन्हीकडची मुले जागी असतात. तिकडच्या मुलांना ऐकायला खरी माणदेशी बोली मिळेल, इकडच्या मुलांना आपले गाव परक्याला समजावून सांगावे लागेल. घोंगडी कशी विणतात, लोकर कुठून येते, रथाला दोर कोण लावते, नदी असून पाणी का नाही. सांगताना अडखळले की घरी जाऊन विचारावे लागेल. आजीला विचारावे लागेल. हा अभ्यास कोणत्याही तयार अॅपमध्ये नाही.

त्यासाठी लागणारी सामग्रीही गावात आहे. माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून म्हसवडमधून चालते. मुलाखत कशी घ्यायची, आवाज कसा टिपायचा, हे शिकवणारी माणसे तिथे आहेत. शाळेने दार ठोठावायचे एवढेच बाकी आहे.

पहिला प्रयोग याहून साधा असू शकतो. जानेवारीत एखादी शाळा औंधला जाईल तेव्हा वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर वाळवा-कराडकडच्या उसाच्या फडावर असतील. कोपीत एक तरी फोन असतो. सहलीतल्या मुलांनी डोंगरावरून त्या फोनवर व्हिडीओ कॉल लावावा, रविवर्म्याच्या चित्रापुढे परवानगी असेल तर तिथून, नाही तर बाहेरच्या कट्ट्यावरून. काय पाहिले ते वर्गमित्रांना त्यांच्याच भाषेत सांगावे. पलीकडून प्रश्न येतील, त्यांची उत्तरे शोधायला पुन्हा आत जावे लागेल. कॉल मध्येच तुटेल, पुन्हा लावावा लागेल. पुढच्या वर्षी त्या मुलांचे नाव यादीत वर असावे, म्हणून त्यांची वर्गणी आधीच बाजूला काढून ठेवता येईल. आणि सकाळी आठला निघालेली गाडी दिवेलागणीला म्हसवडच्या स्थानकात परत आलेली असेल.